मदत हवी आहे : अडामध्ये अंगभूत "+" चा संदर्भ ॲरेत ठेवता येईल का?

नमस्कार. मी अडा 2012 या प्रोग्रॅमिंग भाषेत एक छोटा कॅल्क्युलेटर लिहीत आहे. चारही गणिती क्रिया फंक्शनच्या संदर्भांच्या रूपात एका ॲरेत ठेवाव्यात आणि वापरणाऱ्याने दिलेल्या चिन्हानुसार त्यांतली एक चालवावी, अशी माझी कल्पना आहे. दोन इंटिजर घेऊन एक इंटिजर देणाऱ्या फंक्शनचा ॲक्सेस टाइप (म्हणजे अशा फंक्शनचा संदर्भ ठेवणारा टाइप) मी घोषित केला. परंतु "+" या अवतरणातील नावापुढे ॲक्सेस हे ॲट्रिब्यूट (त्या फंक्शनचा संदर्भ मिळवून देणारी खूण) लिहिताच कंपायलर ती ओळ नाकारतो.

कारण माझ्या लक्षात आले आहे. भाषेने आधीच घोषित केलेल्या ऑपरेटरांचे कन्व्हेन्शन (कॉल करण्याची पद्धत) इंट्रिन्सिक असते, म्हणजे त्यांचा कोड कंपायलर जागच्या जागी तयार करतो, आणि अशा सबप्रोग्रॅमचा (फंक्शन वा प्रोसिजरचा) ॲक्सेस घेण्यास नियमानेच मनाई आहे. रिनेम्स हा शब्द वापरून ऑपरेटरला वेगळे नाव देऊन पाहिले, पण नव्या नावासोबत तेच कन्व्हेन्शन आले. जेनेरिकचे (टाइप, फंक्शन वगैरे नंतर भरायच्या साच्याचे) फॉर्मल फंक्शन, म्हणजे त्या साच्यात बाहेरून भरायचे फंक्शन, म्हणून मात्र हाच "+" निमूटपणे स्वीकारला जातो, ही गोष्ट मला फार आवडली. तथापि ती निवड कंपाइल करतानाच ठरते आणि मला ती प्रोग्रॅम चालू असताना हवी आहे.

सध्या प्रत्येक क्रियेसाठी मी एका ओळीचे एक्स्प्रेशन फंक्शन (ज्याचा गाभा फक्त एक सूत्र असते) लिहून त्याचा ॲक्सेस घेतो आणि ते बिनतक्रार चालते. हेच फ्लोटसाठीही करायचे असल्याने विचारतो : ऑपरेटर फॉर्मल म्हणून घेणारे एकच जेनेरिक फंक्शन लिहून त्याच्या इन्स्टन्सचे (साच्यातून बनवलेल्या प्रत्यक्ष फंक्शनांचे) ॲक्सेस ॲरेत भरावेत, की चिन्हानुसार शाखा निवडणारे साधे केस स्टेटमेंटच अधिक योग्य ठरेल? अनुभवी मंडळींनी कृपया कारणासह सांगावे.