मदत हवी आहे: मिरगाच्या आधी परसात कोंबड्यांचं खुराडं बांधायचंय

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. आईच्या ११ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. रात्री त्या पडवीतल्या जुन्या लाकडी खुराड्यात असायच्या. गेल्या महिन्यात एका रात्रीत ४ गेल्या. सकाळी पाहिलं तर पुढची जाळी कोपऱ्यातून उचकटलेली, दोन कोंबड्या मान चावून तिथेच टाकलेल्या, बाकी दोघींची नुसती पिसं. आईने त्या पिल्लापासून वाढवलेल्या. तेव्हापासून ती उरलेल्यांना रात्री स्वयंपाकघरात डालग्याखाली झाकते आणि दोनदा उठून बघते. तिला पुन्हा शांत झोप लागावी एवढं पक्कं खुराडं मला उभं करायचंय.

जागा १८ बाय १२ फूट आहे. त्यात ६ बाय ४ चं खुराडं आणि बाकी जाळीचं आवार, असं मनात आहे. गडग्यातून उरलेले ४० चिरे आणि जुनी मंगलोरी कौलं घरात आहेत. सुतारकाम मला जमतं, वेल्डिंग नाही.

अडलंय ते इथे. जाळी जमिनीत फूटभर पुरा असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे वीतभर मातीखाली कातळ. खणणार कसं? दुकानदार षटकोनी भोकांची कोंबडीजाळी देतोय, ती चालेल का? आणि तळ कसला करू, सारवलेली जमीन, कोबा की फळ्या? आमच्याकडे पाऊस आडवा येतो, पश्चिमेकडून.

प्रतिसाद
वाचून वाईट वाटलं. आईंना सांगा, त्यांची चूक नाही. मुंगूस दिवसा फिरतो, त्यामुळे रात्रीचं हे काम बहुतेक जवादी मांजराचं किंवा रानमांजराचं.

कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडी आत राहावी एवढ्यापुरती असते, तार बारीक, दातांनी वाकते. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या भोकांची, वेल्ड केलेली जीआय (जस्त चढवलेली) जाळी घ्या. त्या भोकातून पंजा आत जात नाही, अंडी-पिल्लांसाठी येणारा मोठा सापही शिरत नाही. खिळे वाकवून ठोकू नका, जाळीवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा. तुमची जाळी कोपऱ्यातूनच उचकटली ना?

कातळ फोडायची गरज नाही. आवाराची जाळी खाली आली की दीड फूट बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर पसरा आणि तिच्यावर तुमचे चिरे मांडा. उकरणारं जनावर कुंपणाच्या मुळाशी सुरुवात करतं, तिथे त्याला जाळीच लागते. वरून घारीसाठी मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तरी पुरतं, मात्र रात्री सगळ्या खुराड्यात कोंडायलाच हव्यात.

प्रतिसाद
मी देवरूखजवळ ९ वर्षं कोंबड्या पाळतोय, म्हणून तळाबद्दल सांगतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जमिनीवरचं खुराडं आषाढात ओलं होणारच, आणि ओल्या तुसातून पिल्लांना रक्ती हगवण लागते. चिऱ्यांचे दीड-दोन फुटी खांब करून वर फळ्या टाका, त्यावर ३ इंच भाताचा तूस. आठवड्याला खालवर करा, भिजलेला भाग काढून थोडा चुना भुरभुरा.

पश्चिमेची भिंत चिऱ्याची बंद ठेवा, कौलांची वळचण त्या बाजूला दोन फूट बाहेर काढा. पण पूर्वेला छपराखाली वीतभर उंचीची जाळी उघडी राहू द्या. पावसाच्या भीतीने चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं. विष्ठेच्या वासाने डोळे चुरचुरायचे, कोंबड्या शिंकायला लागल्या.

बसायचा दांडा दोन इंच जाडीचा, दर कोंबडीला ८-९ इंच. तो अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच हवा, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. खोकी फूटभर लांब-रुंद, ८ कोंबड्यांना दोन पुरे. नवीन पिल्लं आणाल तर मानमोडीची (राणीखेत) लस विसरू नका, पिल्लं ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा, पुढे ८ आठवड्यांची झाली की आर टू बी ही दुसरी लस. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कोंबडीजाळी रद्द. उद्या चिऱ्याचे खांब उभे करतो, रविवारी फळ्या. आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न आहे: सध्या एक कोंबडी खुडूक आहे, तिला ११ अंड्यांवर बसवायचंय. ती नव्या खुराड्यात बाकीच्यांबरोबर बसेल का?

प्रतिसाद
नको. दुसऱ्या कोंबड्या तिच्याखाली अंडी घालतात आणि ढकलाढकलीत आतली फुटतात. २१ दिवस तिला घरातच डालग्याखाली बसू द्या. दिवसातून एकदा दाणापाण्याला बाहेर काढा. पिल्लं निघेपर्यंत तुमचं खुराडंही वाळलेलं असेल.