गॅसचा वास, भडका, थोडक्यात निभावलं : बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

दांडियाबझारची_वीणा

काल रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "बी विंगमध्ये कोणाकडे गॅसचा वास येतोय का?" खाली पटापट उत्तरं. "नाही", "आमच्याकडे नाही", एक हात जोडलेला, एक गुड नाइटचं फूल. उठून जिन्यात कोणी गेलं नाही. शेवटी वॉचमनने नाक लावत लावत तिसऱ्या मजल्यावरचं दार शोधलं. दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, गॅस चालूच, आणि काकू टीव्हीसमोर गाढ झोपलेल्या.

रात्रभर आमचा जुना वाडा डोक्यात होता. ८०-८२ ची गोष्ट. नंबर लागून गॅसचा बाटला (सिलिंडर) घरात आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. स्वयंपाकघर तीन पायऱ्या उतरून खाली, खिडकी एकच, तीही पार तुळईजवळ. सगळे म्हणायचे, खिडकी उघडी असते, काय होतंय. एका पहाटे आमची काकू खाली उतरली. वास आला, पण खिडकी उघडी बघून तिने देवापुढे निरांजन लावायला काडी ओढली. आग वरून नाही, जमिनीवरून आली. निळी, गुडघ्यापर्यंत. ती सांगायची, पाण्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. वाचली. एसएसजी हॉस्पिटलात खूप दिवस काढले. म्हातारपणी चेहरा, हात, सगळं सुरकुतलं, पण पोटऱ्यांची कातडी शेवटपर्यंत गुळगुळीत, चकचकीत.

बाटल्यातला गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड, खाली बसतो, हे आम्हाला त्यानंतर कळलं. वरच्या खिडकीचा त्याला काय उपयोग? तीन पायऱ्या खालचं स्वयंपाकघर म्हणजे साठवणीची टाकीच.

लिहा तुमचंही. लहानमोठं काहीही चालेल.

चकली_भाजणी

बापरे. वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

निमिष_वाडी

आधी कुकर बंद कर बाई, धागा कशाचा आहे बघ :)

मांजलपूरकर

आमच्याकडे पाइपचा गॅस, त्यामुळे तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात गेटजवळच्या डबक्यात बुडबुडे. पाऊस थांबला तरी बुडबुडे चालूच. पोरं त्यावर कागदी होड्या नाचवत होती. वासाचं कोणाच्या मनातच आलं नाही, शेजारी उघडं गटार, वास रोजचाच. समोरचे काका निवृत्त ओएनजीसीवाले. त्यांनी गॅलरीतून बघितलं आणि चपला न घालता खाली आले. पोरांना हाकललं, गल्लीच्या दोन्ही तोंडांना स्कूटर आडव्या लावायला सांगितल्या, ढकलत, चालू न करता. पानाच्या गादीवाल्याला अगरबत्ती विझवायला लावली, तो त्यांच्यावर भडकला ते वेगळंच. मग फोन. खणल्यावर दिसलं, केबल टाकायला आलेल्या जेसीबीचा दात पिवळ्या पाइपाला लागला होता आणि वर माती लोटून मंडळी निघून गेली होती. केबल कोणाची, ते आजवर कोणालाच माहीत नाही. कधीच नसतं.

रेवाकाठ

मांजलपूरकर, ते काका म्हणजे लाल व्हेस्पावाले का? आमच्या बाबांचे मित्र!

मांजलपूरकर

तेच! व्हेस्पा अजून आहे. चालत नाही, पण रोज पुसतात.

अंजूताई

फार लिहीत नाही. मामेभाऊ, नवीन लग्न, भाड्याचं घर, बाथरूममध्ये गॅस गीझर, थंडीचे दिवस म्हणून वरची जाळी पुठ्ठ्याने बंद केलेली. दोघंही आतच गेले. स्फोट नाही, आग नाही, वास नाही. डॉक्टर म्हणाले कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतोच. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की तो तयार होतो. गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आजच बाहेर काढून घ्या.

दांडियाबझारची_वीणा

अंजूताई, काय बोलू. हात हातात आहे असं समजा.

सेवउसळ_प्रेमी

ताई, आमच्या भाड्याच्या खोलीत अगदी असाच आहे. आत्ता मालकाला फोन लावतोय.

अंजूताई

लावा. नाही ऐकला तर बादलीने आंघोळ करा, पण तो चालू करू नका.

बडोदेकर_पुण्यात

डाकोरहून रात्री परतलो. दार उघडलं तर आतून भपकारा. आईचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि समोरचे शहाकाका जिन्यातून असे ओरडले की आई आहे तिथे थिजली. "बेन, लाइट चालू ना करता! कंई अडता नहीं!" (कशाला हात लावू नका!) एरवी ते इतके मृदू की लिफ्टमध्येसुद्धा कुजबुजतात. मीटर खाली जिन्याखाली होतं, तिथून त्यांनी मेन पाडला. कारण फ्रिज चालू होता, आणि फ्रिज आपला आपण सुरू-बंद होतो, तेवढी ठिणगी पुरते. मग सगळी दारं-खिडक्या उघडून आम्ही दोन मजले खाली जाऊन बसलो, फोनसुद्धा तिथूनच केला. बटण चालूच नव्हे, बंदही करायचं नाही, हे मला त्या रात्री कळलं. पंखा लावून गॅस घालवणारे महाभाग तर घरोघरी आहेत.

शहाकाकू त्या वेळात सगळ्यांना थेपले वाढत होत्या. आणीबाणीत गुजराती घरात थेपले कुठून निघतात देव जाणे.

चकली_भाजणी

थेपले कायम तयार असतात! आणि मेथी महाग असली की दुधी. (कुकर झाला.)

गोरवा_गँग

दारावरची बेल राहिली. वास आला म्हणून शेजारी येतो आणि इमानेइतबारे बेल दाबतो. हाताने ठोका राव.

काका_निवृत्त

थोडी माहिती देतो, कंटाळा आला तर पुढे जा. घरगुती बाटल्यात १४.२ किलो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दाबाखाली द्रव केलेलं. बाहेर आलं की साधारण अडीचशे पट फुगतं. हवेत त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास झालं की ते पेट घेऊ शकतं, साडेनऊच्या वर गेलं तर हवा कमी पडते. पाइपमधला मिथेन हवेपेक्षा हलका, छताशी जमतो, त्याची पेटण्याची मर्यादा ५ ते १५ टक्के. म्हणून पाइपवाल्यांना झरोका वर हवा आणि बाटलावाल्यांना खाली, जमिनीलगत. आपल्या बडोद्यात सत्तरच्या दशकापासून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात, आणि माणसं एकाचा नियम दुसऱ्याला लावतात.

दोन्ही गॅसना मुळात वास नाही. तो मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळून मुद्दाम आणलेला. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी १८ मार्च १९३७ ला शाळेच्या तळघरात बिनवासाचा गॅस साठत गेला, स्फोटात तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. वास घालायची सक्ती त्यानंतरची.

निमिष_वाडी

काका, हजेरी लावा :)

काका_निवृत्त

तू पहिल्या बाकावर ये.

वडसरची_सून

वासावरून. एप्रिल २०२१, घरात सगळे पॉझिटिव्ह होऊन बरे झालेलो, पण नाकं बंदच. सासरे म्हणायचे वरणाला चव नाही, मी म्हणायचे तुम्हालाच नाही. कामाच्या ताई बऱ्याच दिवसांनी आल्या आणि दारातच थबकल्या. मास्क लावूनसुद्धा त्यांना वास आला. आम्ही चौघं आत आरामात पत्ते खेळत! नळीला शेगडीच्या टोकाशी भेग, वाकवली की उघडायची, सोडली की मिटायची. तेव्हापासून साबणाचं पाणी लावून बघते, बुडबुडा आला की समजायचं. काडी पेटवून लीक शोधणारे आमच्याच घराण्यात आहेत, नाव घेत नाही.

आत्याबाईंची_भाची

आमची डभोईची आत्या. जुन्या बाजारातून शेगडी आणली, स्टीलची, चकाचक, स्वस्तात. बाटल्याला जोडली तर ज्योत कढईच्या कानापर्यंत, पिवळी, भिंत काळी. आत्या खूश, "काय जोर आहे!" दुरुस्तीवाला आला, त्याने नॉझल काढून तळहातावर ठेवून दाखवलं. भोक मोठं. शेगडी पाइपच्या गॅससाठी बदललेली होती. पाइपचा गॅस कमी दाबाने येतो म्हणून त्याला मोठं भोक लागतं, आणि त्यातून बाटल्याचा गॅस सोडला की असा थयथयाट. जुनी शेगडी घेणाऱ्यांनी एवढं विचाराच. आत्या मात्र आजही म्हणते, त्या शेगडीवर पुरणपोळी काय फुगायची.

सुरसागर_काठी

सगळे गॅसबद्दल लिहितायत, मी स्टोव्हबद्दल लिहिते. ८०च्या दशकात पेपरात रोज एक ओळ असायची, "स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली". तो भडका कधी सासूच्या अंगावर उडालेला वाचलाय कोणी? नणंदेच्या? आमच्या गल्लीत एक होती, माझ्या ताईच्या वयाची. जबाबातही स्टोव्हच म्हणाली. घरात लहान मूल होतं, ते त्याच लोकांकडे राहणार होतं. ८३ मध्ये ४९८अ (सासरच्या छळाचं कलम) आलं, ८६ मध्ये ३०४ब (हुंडाबळीचं). तिला त्याचा काही उपयोग झाला नाही. स्वयंपाकघरातला अपघात म्हटलं की माझा त्यावर पटकन विश्वास बसत नाही, एवढंच.

अंजूताई

लिहिलंत ते बरं केलंत.

दांडियाबझारची_वीणा

आमच्या वाड्यातही असं एक नाव मोठी माणसं हळू आवाजात घ्यायची. तेव्हा अर्थ लागला नव्हता.

गोरवा_गँग

कोयलीच्या रिफायनरीत नोव्हेंबर २०२४ मध्ये बेंझिनची टाकी पेटली तेव्हा आमच्या खिडक्या हलल्या. घरगुती नाही, माहितीये, पण आई पहिल्यांदा धावली ती आमचा बाटला बंद करायला.

बडोदेकर_पुण्यात

आई लोकांचं पहिलं धोरण :)

केटरिंगवाला_भाऊ

लग्नाच्या ऑर्डरी करतो. आमच्यात काही जण थंडीत गॅस "उतरत नाही" म्हणून बाटला गरम पाण्याच्या टपात ठेवतात, काही तर आडवा करून हलवतात. आडवा केला की नळीतून द्रवच येतो, मग भडका किती उंच जाईल त्याचा नेम नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरकडे भुंगरा गावात लग्नघरी गळती होऊन आग लागली, तीसच्या वर माणसं गेली, वरात निघायच्या तयारीत होती. त्या सीझनला मी भटारखाना मंडपापासून लांब मागितला की लोक म्हणायचे, वाढप्यांना चालावं लागेल. चालू देत. आजही मागतो, नसेल तर ऑर्डर सोडतो.

सेवउसळ_प्रेमी

भाऊ, उत्तरायणला उंधियु मिळेल का? पाच किलो.

केटरिंगवाला_भाऊ

मेसेज करा. सुरती पाहिजे की आपला?

चकली_भाजणी

आले एकदाची. माझं छोटंसंच. नवीन बाटल्याची टोपी काढली आणि फुस्स्स. व्हॉल्व्हच्या आतली रबरी रिंग चिरलेली. मी किंचाळले. आजी, वय ऐंशीच्या पुढे, आली, तीच टोपी दाबून परत बसवली, आवाज बंद. मग मी आणि दादाने बाटला उभाच धरून गच्चीत नेला आणि १९०६ ला फोन केला. व्हॉल्व्हभोवती पांढरं बर्फ धरलेलं, मी बोट लावलं तर चिकटलं, फोड आला. गॅसने भाजायच्या ऐवजी गोठले. ती नायलॉनची दोरी असलेली टोपी फेकू नका, बाटल्याच्या कड्याला बांधलेलीच राहू द्या. आमच्या आजीने आयुष्यात कुठलीच दोरी फेकली नाही, ते इथे कामी आलं.

वडसरची_सून

बाटल्याच्या कड्याजवळच्या पट्टीवर आतून लिहिलेलं असतं तेही बघत जा. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाची तिमाही, पुढे साल.

निमिष_वाडी

आमच्यावर डी-२४ आहे. म्हणजे?

काका_निवृत्त

म्हणजे डिसेंबर २०२४ ला त्याच्या चाचणीची मुदत संपली. परत पाठव आणि दुसरा माग. नळी कधी बदललीस?

निमिष_वाडी

नळीपण बदलायची असते?

काका_निवृत्त

पाच वर्षांनी. आतून तारेची जाळी असलेली, आयएसआयची घे, रस्त्यावरची हिरवी पारदर्शक नको. आणि भाजलं तर वाहत्या नळाखाली वीस मिनिटं धर, कोलगेट लावू नकोस.

रेवाकाठ

नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकांना तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, वेगळा हप्ता नाही. शेजाऱ्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, दुसऱ्याच्या नावावरचा बाटला वापरत होते, काही हाती लागलं नाही. कनेक्शन आजोबांच्या नावावर असेल तर बदलून घ्या.

निमिष_वाडी

आमचं पणजोबांच्या नावावर आहे बहुतेक.

सेवउसळ_प्रेमी

अपडेट. मालक म्हणाला गीझर पुढच्या महिन्यात बाहेर काढू. मी म्हटलं मग भाडंही पुढच्या महिन्यात. उद्या सकाळी प्लंबर येतोय.

अंजूताई

शाब्बास रे बाळा.

निमिष_वाडी

काका, नळी बदलणारा रविवारी येईल का?

काका_निवृत्त

एजन्सी बंद असते रविवारी. शनिवारी अकराच्या आत जा, जुनी नळी बरोबर घेऊन जा, आणि पावती माग.