डावखुरी, उंची ४ फूट १० इंच. हलकी एअर रायफल कुठली बघू?

डावखुरी_कोथरूड:
नमस्कार मंडळी, तीन महिने झाले बालेवाडीच्या बाजूला एका रेंजवर १० मीटर एअर रायफल शिकतेय. वय ३१, त्यामुळे मेडलबिडलचं काही खरं नाही पण नाद लागलाय. अडचण अशी की उंची ४ फूट १०, वजन ४३ किलो आणि वर डावखुरी. रेंजवरची रायफल उजव्या हातवाल्यांची, ती डाव्या खांद्याला लावली की ग्रिप हातात बसत नाही, गालाचं पॅड भलतीकडेच आणि वीसेक शॉट झाले की कंबर आणि उजवा दंड दोन्ही बोंबलायला लागतात. तिथले एक काका म्हणाले एवढीशी आहेस, उजव्या हातानेच शीक, होते सवय. आजीनेपण लहानपणी हेच सांगून उजव्या हाताने जेवायला शिकवलं, तेवढी एकच सवय झाली, बाकी सगळं अजून डावंच आहे 😀
तर सगळ्यात हलकी रायफल कुठली? जुनी चालेल. आणि लायसन लागतं का?

शनिवारपेठी:
हा लायसनचा प्रश्न इथे दर महिन्याला येतो, पण असो. .१७७ बोअर (नळीचं भोक) आणि छर्ऱ्याचा जोर २० जूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही, २०१६ च्या आर्म्स रूल्समधे आहे. मॅचच्या एअर रायफली त्याच्या बऱ्याच खाली असतात, काळजी नको. हलकीच पाहिजे तर साधी स्प्रिंगवाली ब्रेक बॅरल घ्या, देशी मिळते, स्वस्त आणि अडीच-तीन किलोत काम.

दहा_पॉइंट_नऊ:
शनिवारपेठी, लायसनचं बरोबर पण स्प्रिंगवाली सांगू नका हो. घोडा दाबल्यावर आतला पिस्टन पुढे धडकतो, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत रायफल हललेली असते, आणि आपल्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. शिवाय दर शॉटला नळी मोडून स्प्रिंग दाबायची, ४३ किलोच्या बाईने ६० वेळा? खांद्याचा भुगा होईल.

आता ताई, तुम्ही प्रश्नच थोडा चुकीचा विचारलाय. मीपण ५ फुटाच्या आतबाहेर आहे आणि पहिली दोन वर्षं ग्रॅम मोजण्यात घालवली. स्पर्धेच्या नियमात वरची मर्यादा साडेपाच किलो आहे, खाली कितीही चालते, पण फार हलकी रायफल हातात थरथरते, जराशा वजनाने ती शांत राहते. तुमची कंबर दुखतेय ती बहुतेक वजनाने नाही, लांबीने. बट, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, लांब असलं की रायफलचं सगळं वजन पुढे जातं, मग ते सावरायला तुम्ही पाठ मागे मोडता. उंच माणसाला तीच रायफल सरळ उभं राहून पेलते. म्हणून आधी बघायचं ते बटप्लेट (बटाच्या टोकाची खांद्याला लागणारी पट्टी) किती आत येते, मधले स्पेसर, म्हणजे लांबी वाढवणारे तुकडे, निघतात का. मग नळीच्या टोकाला लावलेली वजनं काढायची. दाबलेली हवा भरायचा एअर सिलिंडर आखूड मिळाला तर अजून बरं, पुढचं ओझं आपोआप कमी.

दुसरी गोष्ट, दंड का दुखतोय. दंडाने रायफल उचलायचीच नसते. तुमच्या बाबतीत उजवं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे म्हणजे वजन हाडावरून सरळ पायात उतरतं. कोपर तिथे पोचवलं की हात खाली जातो आणि रायफल डोळ्यापर्यंत येत नाही, बरोबर ना? मग आपण काय करतो तर मान खाली घालतो. त्यापेक्षा पुढच्या बाजूला खालून राइजर ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) लावा आणि साइटखालीपण, म्हणजे नेम धरायच्या भागाखाली, राइजर घ्या. मान ताठ, डोळा सरळ.

मॉडेल म्हणाल तर वॉल्थर एलजी ४०० ज्युनियर, फाइनवेर्कबाऊची ८०० ज्युनियर, या लाइनवर बघा, साधारण साडेतीन-चार किलोच्या घरात असतात. ज्युनियर लिहिलंय म्हणून लाजू नका, नियमात शाळकरी पोरांसाठीच असं कुठे नाहीये. पण डाव्या हाताला नक्की काय मिळतं ते एकेक सुटं विचारून घ्या: ग्रिप डावी की दोन्ही हातांना चालणारी, गालाचं पॅड दुसऱ्या बाजूला सरकतं का, लोडिंगचा लीव्हर फिरवून बसवता येतो का. सगळ्यांत सगळं होत नाही. नुसतं 'डाव्याला चालेल' म्हणणाऱ्या दुकानदारावर विश्वास नको, त्याच्यासमोर खांद्याला लावून बघा.

माजी_कॅडेट:
दहापॉइंटनऊने सगळंच सांगितलं पण एक राहिलं. मुख्य डोळा कुठला, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढे येणारा? मी डावखुरा, कॉलेजात एनसीसीला होतो, पॉइंट टू टू रायफल, बोल्ट उजवीकडे, मी डाव्या खांद्याला लावून दर राउंडला वरून हात टाकून बोल्ट ओढायचो, हवालदार साहेब कपाळाला हात लावायचे. गंमत म्हणजे नंतर कळलं की माझा मुख्य डोळा उजवा! दोन वर्षं फुकट तिरकी मान. दोन्ही हात समोर लांब करा, तळव्यांमधे छोटी फट ठेवा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना घड्याळ जागेवर राहतं तो तुमचा. तो उजवा निघाला तर काकांचं ऐका, डावा निघाला तर काकांना चहा पाजा आणि सोडून द्या.

डावखुरी_कोथरूड:
डावाच निघाला, तीनदा बघितलं, नवऱ्यालापण करायला लावलं. काकांना चहा 😀
काल रेंजवर सरांना विचारून बट पूर्ण आत घेतलं, दोन स्पेसर निघाले आणि पुढचं वजन काढलं. तीच रायफल हो! ४० शॉट झाले तरी कंबर गप्प होती. ग्रिपचं रडगाणं आहेच. आणि मला डावीकडच्या टोकाची लेन दिली, कारण मी आत्तापर्यंत शेजारच्या मुलाकडे तोंड करून उभी राहायचे, तो उजव्या हाताचा, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत नेम धरतोय, त्याचं लक्ष उडायचं म्हणे. माझं उडत नव्हतं का?
एक जण जुनी फाइनवेर्कबाऊ ३०० एस देतोय, एकदम कमी भावात. घेऊ का?

दहा_पॉइंट_नऊ:
नका घेऊ. रायफल म्हणून झकास आहे, स्प्रिंगची असूनही धक्का जाणवत नाही, पण पाच किलोच्या जवळपास आणि साइड लीव्हर उजवीकडे. प्रत्येक शॉटला तो ओढताना पोझिशन मोडणार. तुमच्यासारखीच्या हातात ते लोखंडच.

शनिवारपेठी:
माझी स्प्रिंगवाली मागे घेतो. मात्र ३०० एस आणणारा कोण ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मला पाहिजे. मी उजव्या हाताचा आणि ९० किलो आहे.

डावखुरी_कोथरूड:
@शनिवारपेठी केला व्यनि.
बाकी मग ज्युनियर मॉडेलचीच जुनी शोधते, दोन्ही हातांना चालणाऱ्या ग्रिपची. तोवर स्पेसर काढलेल्यावर भागवते, पुढच्याने परत घातले की परत काढायचे. आता शेवटचं, जॅकेट. ग्लोव्ह उजव्या हाताचा सुटा मिळाला पण डाव्या खांद्याला पॅड असलेलं, माझ्या मापाचं जॅकेट कुठेच नाही, सगळी उजव्यांची आणि खांदे माझ्या कोपरापर्यंत. पुण्यात कोणी शिवून देतं का?

माजी_कॅडेट:
शिवणारे आहेत, पण माप रायफल खांद्याला लावून घ्यायला सांगा. नुसतं उभं करून घेतलं तर गेलं. आणि कापडाची जाडी नियमात बसतेय ना ते आधी रेंजवर मोजून घ्या, अडीच मिलिमीटरच्या वर गेलं तर स्पर्धेत बाहेर काढतील.

डावखुरी_कोथरूड:
म्हणजे रिक्षात रायफल घेऊन शिंप्याकडे जायचं? बरं.