टॉवेलवरच्या नॅनोकणांचे फोटो काढायचेत, सोलापुरातून कुठं जावं?

टेरीटॉवेल:
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, सोबत पीएचडी चालू आहे. झिंक ॲसिटेट आणि कॉस्टिक सोडा वापरून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण करतो आणि ते टेरी टॉवेलच्या कापडावर बसवतो. ओल्या टॉवेलला कुबट वास येऊ नये, एवढीच महत्त्वाकांक्षा. टॉवेल घरचाच. वडिलांचे चार माग होते, आता दोन चालतात.

पावडरचा एक्सआरडी (क्ष-किरणांची चाचणी) झालाय. ३६.२ अंशाच्या पीकची रुंदी ०.४ अंश आहे, म्हणजे रुंदीवरून आकार काढायच्या शेररच्या सूत्रानं साधारण २१ नॅनोमीटर. पण गाईड म्हणतात, कापडावरचे कण दिसल्याशिवाय पेपर नाही.

गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी एसईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढायला, कुरिअरनं कापडाचा तुकडा पाठवला होता. तीन आठवड्यांनी सहा फोटो आले. सगळे पांढरेफटक, मधून आडव्या रेघा. फोन केला तर म्हणाले, "सॅम्पल चार्ज होतंय." पैसे गेले ते गेले. आता कुठं जावं? आणि बेंगळुरूच्या आयआयएससीत बाहेरच्या संशोधकांसाठीच्या आयएनयूपी योजनेतून क्लीनरूम (धूळमुक्त खोली) वापरायला मिळते म्हणे, तिथं अर्ज करू का?

रातचीगाडी:
आधी आय-स्टेम पोर्टल बघा. २०२० मध्ये सुरू झालंय. देशभरात कुठल्या संस्थेत कुठलं मशीन आहे ते तिथं सापडतं, स्लॉटही मागता येतो. आपल्याला जवळचं म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं सामाईक केंद्र. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत एसटीनं जाता येतं. मुंबईला आयआयटीतलं सैफ, म्हणजे असंच सामाईक मशीन केंद्र आहे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसायचं, सकाळी कल्याणला उतरून लोकलनं कांजूरमार्ग. पुण्याला विद्यापीठात जायचं तर आपली हुतात्मा एक्सप्रेस आहेच.

अशोकचौकवाली:
मी एका विद्यापीठाच्या सामाईक केंद्रात चार वर्षं एसईएम चालवलंय. माहेर सोलापूरचं, त्यामुळं टॉवेल म्हटल्यावर राहवेना.

सर, कुठं जायचं हा प्रश्न दुसरा. तुमचं सॅम्पल घरीच बिघडलंय. टेरीचे फंदे उभे असतात आणि सुती धागा वीज वाहून नेत नाही. इलेक्ट्रॉन त्यावर साठत जातात, म्हणून तो पांढरा रंग आणि त्या रेघा. अख्खा तुकडा देऊच नका. चिमट्यानं एकच फंदा ओढून काढा, कार्बन टेपवर (वीज वाहून नेणारी चिकटपट्टी) आडवा ताणून दोन्ही टोकं दाबून बसवा, टोकांना सिल्व्हर पेस्टचा ठिपका द्या. त्याआधी कापड रात्रभर ६० अंशाला ओव्हनमध्ये ठेवा आणि सिलिका जेल घातलेल्या डबीतून न्या. कापसात पाणी राहिलं तर व्हॅक्यूम लागता लागत नाही, आणि ऑपरेटरचं तोंड बघण्यासारखं होतं.

वीज वाहून जावी म्हणून वरून सोन्याचा मुलामा देतील. पातळ द्या म्हणावं, प्लॅटिनम असेल तर उत्तम. जाड सोनं लावून एक लाखाच्या मॅग्निफिकेशनला गेलात तर सोन्याचेच दाणे दिसतात. ते "आमचे नॅनोकण" म्हणून पेपरात छापलेले मी पाहिलेत, नाव कशाला घेऊ. २१ नॅनोमीटरसाठी साधं टंगस्टनचं एसईएम मागू नका, त्याहून बारीक दाखवणारं एफईएसईएमच मागा. फोटो ३ ते ५ केव्हीवर घ्या. मात्र एक्सआरडीतून आलेला आकडा स्फटिकाचा आहे. एका कणात असे कितीतरी स्फटिक चिकटलेले असू शकतात. फोटोत ८० नॅनोमीटर दिसले म्हणून घाबरू नका.

आता माझी फजिती सांगते. पीएचडीला असताना कापड धुऊन धुऊन किती कण टिकतात ते बघत होते. दहा धुण्यांनंतर फोटोत कण वाढलेलेच! मी खूश. ज्या दादांनी मशीन शिकवलं ते म्हणाले, "बाई, एडॅक्स लावून बघू." एडॅक्स म्हणजे एसईएमलाच जोडलेलं, कुठलं मूलद्रव्य आहे ते सांगणारं यंत्र. निघाला कॅल्शियम. आमच्या होस्टेलच्या बोअरचं पाणी! बादलीच्या कडेला बसतो तोच क्षार मी आठ महिने नॅनोकण म्हणून मोजत होते. तेव्हापासून धुणं डिस्टिल्ड पाण्यात, आणि सोबत कण न लावलेला टॉवेलही तितक्याच वेळा धुवायचा. धाग्याला खळ राहिलेली असेल तर तीही दाण्यांसारखी दिसते. मागाचं घर आहे, तुम्हाला सांगायला नको.

एडॅक्समध्ये तुमच्यासाठी आणखी एक खड्डा आहे. झिंकचा १.०१ केईव्हीचा पीक आणि सोडियमचा १.०४ चा एकमेकांवर बसतात. तुम्ही कॉस्टिक वापरता, म्हणजे सोडियम राहिलेलं असणारच. झिंकचा ८.६ चा पीक दाखवा, त्यासाठी व्होल्टेज १५ केव्हीच्या वर न्यावं लागतं. तिथं धागा जळायला लागतो, म्हणून आधी सगळे फोटो, मग एडॅक्स.

क्लीनरूम विसरा. ती वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) डिव्हाइस करणाऱ्यांची जागा. क्लास १००० म्हणजे एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण हजाराच्या आत. तिथं साधा कागदसुद्धा नेऊ देत नाहीत, आणि तुम्ही सोलापुरी टॉवेल घेऊन जाणार?

टेरीटॉवेल:
मॅडम, टॉवेलचं वाचून स्टाफरूममध्ये एकटाच हसलो. आमच्या कॉलेजातही बोअरचंच पाणी ओ! उद्यापासून पहिल्यापासून धुणं. एक विचारू? सॅम्पल कुरिअरनं पाठवलं तर चालेल, की जायलाच हवं?

अशोकचौकवाली:
स्वतः जा. ऑपरेटरला दिवसात दहा सॅम्पल असतात. जिथं फोकस लागेल तिथला फोटो काढून तो मोकळा होतो, त्याची चूक नाही. तुम्ही शेजारी बसलात तर "जरा डावीकडं घ्या, तिथं फंदा वळलाय" म्हणता येतं. पोचल्यावर आधी कण न लावलेला धागा दाखवा, मग लावलेला. स्लॉट सकाळचा मागा, आणि तीनपेक्षा जास्त सॅम्पल नेऊ नका.

रातचीगाडी:
आणि जाताना शेंगा चटणी न्या. आमच्या वेळी चौथं सॅम्पल तिच्यावर झालं होतं.