ईप्रच्या रणभूमीवर धावण्यासाठी मार्ग सुचवाल का?

प्रश्न: कामानिमित्त ऑक्टोबरात बेल्जियममधील ईप्र येथे मुक्काम आहे. पहिल्या महायुद्धाच्या या परिसरातून धावता येईल, पण दफनभूमींचा मानही राखला जाईल, असा दहाएक किलोमीटरचा मार्ग कोणी सुचवेल का?

प्रतिसाद १: मेनिन गेट या युद्धस्मारक असलेल्या वेशीपासून तटबंदीवरून लिल गेटपर्यंत जा आणि तिथून आग्नेयेला हिल ६० गाठा. ही टेकडी मुळात रेल्वेमार्ग खोदताना निघालेल्या मातीचा ढीग. ७ जून १९१७ रोजी तिच्याखाली आणि शेजारच्या कॅटरपिलर या टेकडीखाली ब्रिटिशांनी सुरुंग उडवले. कॅटरपिलरच्या विवरात आता झाडांनी वेढलेले पाणी साचले आहे. जमिनीखाली अजूनही अनेक सैनिकांचे अवशेष आहेत, त्यामुळे तिथे धावणे थांबवून लाकडी पायवाटेवरून चालतच जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद २: सपाट वाट हवी असेल, तर झोनेबेकेहून पाशेंडालकडे जुन्या रेल्वेमार्गावर सायकलवाट आहे. तिच्याजवळच टाइन कॉट ही युद्धातील सैनिकांची दफनभूमी आहे, जिथे जवळपास १२,००० कबरी आहेत. आत धावू नये. नांगरणीत सापडलेले तोफगोळे शेतकरी रस्त्याकडेला ठेवतात आणि लष्कराचे पथक ते घेऊन जाते. त्यांना चुकूनही हात लावू नका.

प्रतिसाद ३: हिल ६० च्या दक्षिणेला होलेबेके आहे. तिथे ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी लढलेले खुदादाद खान हे व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे पहिले भारतीय सैनिक. मेनिन गेटवर भारतीय सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत, ती अवश्य वाचा. रोज रात्री आठ वाजता तिथे बिगुलाची मानवंदना होते आणि वाहतूक थांबवतात. संध्याकाळी धावणार असाल, तर ती वेळ टाळून निघा.