मुंकाचीची चित्रं एवढी काळी का दिसतात? (बुडापेस्टचं राष्ट्रीय चित्रदालन)

महालचा ड्रॉइंग मास्तर:
मुलगी बुडापेस्टला शिकून राहिली, सप्टेंबरात तिच्याकडे चाललो. बुडा किल्ल्यातल्या हंगेरियन राष्ट्रीय चित्रदालनासाठी एकच सकाळ आहे, त्यात गुडघे दुखतात. मिहाय मुंकाची या हंगेरियन चित्रकाराच्या चित्रातला जांभई देणारा शिकाऊ पोरगा मात्र पाहायचाच आहे. माझे वडील सुतार. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी सहाला मी त्यांच्याजवळ रंधा मारायला बसायचो, तेव्हा माझाही जबडा असाच फाकायचा. मुंकाची स्वतः पोरवयात सुताराकडे राबला, हे वाचून अंगावर काटा आला. पण पुस्तकात त्याची बाकीची चित्रं काळीकुट्ट दिसतात. छपाई वाईट, की चित्रंच तशी?

धंतोलीकर:
सर, छपाईचा दोष नाही. तो खालच्या थरात बिट्युमेन, म्हणजे डांबरी तपकिरी रंग वापरायचा. लावताना त्याला सुंदर खोली येते, पण तो धड वाळतच नाही. वरचे रंग सरकतात, भेगा पडतात, चित्र काळवंडत जातं. मे महिन्यात गल्लीतल्या नव्या डांबरावर चप्पल चिकटते ना, तोच त्याचा स्वभाव. समोरून दिव्याची चमक येते, थोडं तिरकं उभं राहून पाहा. त्याचं ‘धुळीचा रस्ता’ही सोडू नका. नुसती धूळ आणि उजेड! त्यावरून कळतं, हा माणूस काळोखातच अडकलेला नव्हता.

बर्डीवाली:
काका, मग लगेच सिन्येई मेर्शे या हंगेरियन चित्रकाराचं ‘मायालिश’ पाहा, म्हणजे मे महिन्यातली सहल. १८७३ चं आहे. त्या हिरव्या उतारापुढे मी पाऊण तास बसले होते. त्या काळी लोकांना ते रंग भडक वाटले, पुढे कित्येक वर्षं त्यानं ब्रश बाजूला ठेवला. मला त्याचं फार वाईट वाटतं.
आणि सुताराच्या घरचे आहात, तर सुरुवात गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चमधल्या, वेदींपासूनच करा. राजवाड्याच्या जुन्या सिंहासन दालनात उंचच उंच लाकडी वेदी आहेत, बिजागऱ्यांवर उघडमीट होणाऱ्या पंखांच्या. एरवी पंख मिटलेले असायचे, सणाला उघडायचे. म्हणून चित्रं दोन्ही अंगांना.

महालचा ड्रॉइंग मास्तर:
दोघांचे मनापासून आभार. आता वेदी आधी, मग तो पोरगा. बर्डीवाली ताई, एकच सांगा, वेदींच्या मागे जाता येतं का? आमचे बाबा कुठलंही कपाट पाहिलं की आधी मागून हात फिरवायचे.