पोडियम पार्किंगमधील गाडीच्या कामाविषयी

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. बी-१२०३ यांच्या पोर्शे बॉक्सस्टर गाडीचे काम रविवारी सकाळी पोडियम पार्किंगमध्ये चालते, याविषयी कार्यकारिणीकडे दोन तक्रारी आल्या आहेत. एक सकाळच्या आवाजाची आहे. दुसरी अशी की पार्किंग ही गाडी लावण्याची जागा आहे, तिचे गॅरेज होऊ नये. बैठकीत विषय घेण्याआधी संबंधितांनी आपले म्हणणे इथे मांडावे आणि कोणीही विषय सोडून लिहू नये, ही विनंती.

बी-१२०३: सचिव साहेब, तक्रार थेट माझ्यापुढे ठेवलीत याबद्दल आभार. आधी आवाजाविषयी लिहिते. रात्रभर थंड राहिलेले इंजिन सुरू झाले की सुरुवातीला ते मुद्दाम जास्त फेऱ्यांवर चालते आणि एक छोटा पंप एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, कारण कॅटलिटिक कन्व्हर्टर तापल्याखेरीज धूर स्वच्छ होत नाही. खालच्या मजल्यांवर ऐकू येते ती घरघर त्याचीच आहे आणि ती थोड्याच वेळात थांबते. सायलेन्सर मूळचाच आहे. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसण्याची गरज नसते, तेल गरम होईपर्यंत गाडी सावकाश चालवली की पुरते. त्यामुळे सुरू होताच मी ती गेटबाहेर काढते. रविवारी आठच्या आधी सुरू न करण्याचेही मी इथेच मान्य करते.

आता कामाविषयी. मी पार्किंगमध्ये जे करते त्यातले बहुतेक काम पानांचे आणि पावसाचे आहे. या गाडीचे छप्पर कापडी असून त्यावरचे पाणी मागच्या बाजूच्या दोन पन्हळींत उतरते आणि तिथून अरुंद नळ्यांवाटे मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर पडते. आपल्या पोडियमच्या कडेला गुलमोहर आहेत. गुलमोहराचे पान गळते तेव्हा त्याच्या बारीक पर्णिका (पानाचे छोटे भाग) सुट्या होतात, त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या असतात आणि ओल्या झाल्या की नळीच्या तोंडाशी त्यांचा लगदा बसतो. मग पाणी तुंबून आत शिरते आणि सीटखालच्या गालिच्यात मुरते. नेमके तिथेच इमोबिलायझरचे (चोरी रोखण्यासाठी इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) आणि कुलपांचे नियंत्रण युनिट बसवलेले असते. ते भिजले की गाडी सुरू तर होत नाहीच, पण कुलूपही नीट उघडत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मी दर आठवड्याला छप्पर अर्धे उघडते, बोटांनी तो लगदा काढते, तांब्याभर पाणी ओतते आणि दोन्ही बाजूंना ते चाकापुढे पडते की नाही हे वाकून पाहते. एवढ्या कामासाठी दर आठवड्याला कोणतेही गॅरेज गाडी घेणार नाही आणि घेतली तरी तिथे नेईपर्यंत पाऊस थांबणार नाही.

दुसरे काम पुढच्या बाजूचे. इंजिन सीटच्या मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत आणि त्यांची तोंडे उघडी असतात. घोडबंदर रोडची धूळ, वेष्टने आणि पाने एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत जाऊन दडपून बसतात. बाहेरून काही दिसत नाही, पण मे महिन्यात माजिवड्याच्या कोंडीत तापमानाचा काटा सरकू लागतो. पावसाळ्याआधी बंपर उतरवून ती फट साफ करायची आणि तोंडांवर बारीक जाळी बसवायची, हे मी इथेच केले. जाळी हा या गाडीतला मी केलेला एकमेव बदल आहे आणि ती चार स्क्रू काढले की निघते.

इंजिन ऑइल मात्र मी इथे कधीच बदललेले नाही. ते आठ लिटरच्या आसपास असते आणि वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे. त्यासाठी गाडी वागळे इस्टेटमधल्या गॅरेजला जाते. मी फक्त जुना फिल्टर घरी आणते, त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरते आणि धातूचे चकाकणारे कण शोधते. २००९ च्या आधीच्या या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनाच्या आतल्या एका फिरत्या दांड्याचे) बेअरिंग हा नाजूक भाग आहे; ते झिजू लागल्याचे चिन्ह बरेचदा सर्वांत आधी याच कागदावर दिसते आणि वेळीच दिसले तर इंजिन वाचते.

ए-३०१: ताई, तुमचे म्हणणे पटले. माझी नोकरी अग्निशमन दलात झाली, म्हणून एकाच गोष्टीचा आग्रह धरतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पसरत उताराने खाली उतरते, आणि आपल्या पोडियमचा रॅम्प थेट तळघरात जातो, जिथे पंपांची खोली आहे. त्यामुळे इंधनाची नळी, फिल्टर किंवा टाकी इमारतीच्या आवारात कोणीही उघडू नये, मग तो कितीही जाणकार असो. तळघरात इंजिन चालू ठेवून काम करण्यासही पूर्ण बंदी असावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसाला काही कळण्याआधीच त्याची शुद्ध हरपते.

बी-१२०३: काका, दोन्ही अटी मला मान्य आहेत आणि त्या लेखी असाव्यात.

सी-४०२: ताई, माझ्या हॅचबॅकला मी छोट्या स्प्रिंग लावून ती खाली बसवावी आणि सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकावा म्हणतो. शिवाय ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) रीमॅप, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याची सेटिंग बदलणे. तुमचा सल्ला हवा आहे.

बी-१२०३: सरळ पाइपाचा विचार सोडून दे, हे मी स्पष्टच सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे ध्वनी आणि धुराची मानके मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते आणि परवानाही तीन महिन्यांसाठी जातो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. तुझ्याच विंगेत तान्हे बाळ आहे, हे मी वेगळे सांगायला नको. कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता बदल केलास तर अपघातानंतर दावा अडतो, आणि तेव्हा वाद घालून उपयोग होत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ठाण्यात गाडी खाली बसवणे मला पटत नाही. सस्पेन्शनला खाली-वर व्हायला जी जागा लागते तीच तू कमी करतोस, आणि आपल्याकडे पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरलेला असल्यामुळे त्याची खोली चाक आत गेल्यावरच कळते. रीमॅपमध्ये इंजिनाला राखून ठेवलेली सुरक्षेची मोकळीक वापरली जाते. इथल्या उन्हात आणि तासन्‌तासांच्या कोंडीत ती मोकळीक इंजिनालाच लागते. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगले टायर घे आणि त्यांच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचून घे, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदल. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि लांब उतारावर सतत ब्रेक लावल्यावर पेडल मऊ पडते. या दोन गोष्टींनी गाडी जेवढी सुधारते तेवढी कोणत्याही पाइपाने सुधारत नाही.

बी-२०४: आवाजाची तक्रार माझीच होती आणि आठनंतरची वेळ ठरल्यास ती मी मागे घेतो. परंतु रविवारी मुले पोडियमवर सायकल चालवतात. जॅकवर उचललेल्या गाडीजवळ ती गेली तर काय, याचे उत्तर मला हवे आहे.

बी-१२०३: काका, ही काळजी अगदी योग्य आहे. नुसत्या जॅकवर उभी असलेली गाडी ही उचललेली गाडी समजायचीच नाही; तिच्याखाली जॅक स्टँड, म्हणजे भार पेलणारे पक्के आधार, हवेत. आपल्या पोडियमला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला आहे आणि पेव्हर ब्लॉक भाराने दबतात, म्हणून मी स्टँडखाली जाड प्लायवूडचे तुकडे ठेवते. हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो. मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी होतो, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावते. चाक परत बसवताना बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळते. तरीही गाडी स्टँडवर असेपर्यंत मी जागा सोडून वर येणार नाही आणि चारही बाजूंना दोरी बांधीन.

खजिनदार: बॅटरीच्या चार्जरची वायर कॉमन मीटरच्या सॉकेटला लागलेली दिसते. त्याचे काय?

बी-१२०३: साहेब, गाडी फार दिवस उभी राहिली की अलार्ममुळे बॅटरी उतरते. या गाडीत बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकीचे कुलूप विजेवर चालते, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी फ्यूजबॉक्समधून वीज द्यावी लागते. म्हणून चार्जर लागतो. तो फारच थोडी वीज घेतो, पण वीज सर्वांची आहे. स्वतंत्र सबमीटर माझ्या खर्चाने बसवण्याचा अर्ज मी आजच देते.

सचिव: सर्वांचे आभार. बैठकीपुढे मी पुढीलप्रमाणे प्रस्ताव ठेवतो. सभासदांना स्वतःच्या पार्किंगमध्ये सफाई, चाके, बॅटरी आणि तत्सम हलके काम रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळेत करता येईल. ऑइल बदलणे, इंधनाची जोडणी उघडणे आणि रंगकाम आवारात होणार नाही. गाडी स्टँडवर असताना सभासदाने जागा सोडू नये आणि जवळ अग्निशामक सिलिंडर ठेवावा. याच अटी दुचाकींनाही लागू राहतील. गुलमोहराच्या फांद्या छाटण्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, तो अर्ज पावसाळ्याआधी वेगळा करावा लागेल. सबमीटरबाबत खजिनदारांनी इलेक्ट्रिशियनकडून खर्चाचा अंदाज घेऊन बैठकीला यावे.